सही जुळत नाही

बँकेच्या काउंटरवरून आम्हाला गिऱ्हाइकाचा चेहरा दिसत नाही, सही दिसते. वीस वर्षं हा उद्योग केल्यामुळे असेल, पण पडद्यावर नट दिसला तरी मी मनात त्याचं स्पेसिमेन कार्ड काढून बसतो. जमिला मॅसी या बाईंच्या बाबतीत माझी पंचाईत झाली ती अशी.

नाव तुम्ही ऐकलेलं नसणार. 1977 साली ब्रिटनच्या टेलिव्हिजनवर 'माइंड युवर लँग्वेज' ही मालिका सुरू झाली. लंडनमधला इंग्रजीचा वर्ग, शिकवणारे बिचारे ब्राउनमास्तर, आणि विद्यार्थी देशोदेशींचे! पुढं 1993 मध्ये आपल्याकडे तिचंच 'जबान संभालके' झालं. पंकज कपूर मास्तर आणि आपल्या शुभा खोटे प्राचार्या. त्या मूळच्या वर्गात विणकाम घेऊन बसणारी एक भारतीय गृहिणी आहे, जमिला. तिला इंग्रजीचा गंध नाही. मास्तर विचारतात एक, ही समजते भलतंच, आणि आपण हसतो. मीही हसलो. पोट धरून.

मग बाईंचं खातं उघडून पाहिलं. जन्म 1934, सिमला. आणि 1976 साली, म्हणजे मालिकेच्या एकच वर्ष आधी, पती रेजिनाल्ड मॅसी यांच्याबरोबर लिहिलेलं भारतीय संगीतावरचं पुस्तक. इंग्रजीत! नंतर भारतीय नृत्यांवरही एक. म्हणजे घरी राग आणि ताल इंग्रजांना इंग्रजीत समजावून सांगायचे, आणि स्टुडिओत जाऊन 'गुड ईव्हिनिंग'ला अडखळायचं. सही जुळेना.

आता नटाला न येणारी गोष्ट येते असं दाखवणं सोपं, निदान पुष्कळजण तेवढ्यावर भागवतात. येणारी गोष्ट येत नाही असं दाखवणं महाकठीण. (आमचे साहेब अपवाद. त्यांना ते उपजत आहे.) जमिलाबाईंच्या वाट्याला वाक्यं थोडी. बाकीचे हेल काढून टाळ्या घेतात, हिला फक्त न कळलेला चेहरा. तो चेहरा त्या अगदी शांतपणे सांभाळतात, कुठं जास्त नाही, कुठं ओढाताण नाही. लिहिणाऱ्यानं मात्र आळस केला. एका साच्यातून बाई काढली आणि तिथंच सोडली. 1979 साली मालिका बंद केली ती असल्या साच्यांपायीच. मायकेल ग्रेडना ते वांशिक टिंगलीचे वाटले. मला वाटायला बरीच वर्षं लागली.

पुढची कारकीर्द? 'ईस्टएंडर्स'मध्ये 1997 च्या सुमारास नीलम कपूर. बीबीसी रेडिओच्या 'द आर्चर्स'मध्ये सत्या आंटी. आंटी म्हणजे मावशी, आत्या की काकू, हे इंग्रजांना विचारू नये. त्यांना सगळ्या एकाच खात्यात जमा.

हे सगळं वाचून झालं त्याच महिन्यातली गोष्ट. काउंटरवर नऊवारीतल्या एक आजी आल्या, मुदतठेवीची पावती घेऊन. मी आवाज चढवला, एकेक शब्द सुटा केला, "आजी, अंगठा, इथं," म्हटलं आणि शाईचं पॅड पुढं सरकवलं. त्यांनी पॅड बाजूला केलं, माझ्याच खिशातलं पेन मागून घेतलं आणि वळणदार इंग्रजी सही केली. मग पावतीवर बोट ठेवून म्हणाल्या, "बाळ, मॅच्युरिटीत एक 'टी' गाळलायस."

सही तंतोतंत जुळली. माझेच कान लाल.

घरी सौ.ला सांगितलं. ती सुयांवर काहीतरी निळं विणत होती. समोर तीच मालिका चालू होती आणि पडद्यावर जमिलाबाईही विणत होत्या.

"विणणाऱ्या बाईला काही कळत नाही असं समजू नये," सौ. म्हणाली, "ती टाके मोजत असते."

"मग, किती झाले?"

"गप्प बसा. चुकतील."