स्तनकर्करोगावरील इम्युनोथेरपी : मात्रेच्या प्रश्नाची चिकित्सा

प्रास्ताविक

पनवेल तालुक्यातील खारघर येथे टाटा स्मारक केंद्राची 'अ‍ॅक्ट्रेक' ही कर्करोग संशोधन संस्था आहे. साहजिकच या परिसरातील अध्यापकवर्गाला कर्करोगावरील नव्या उपचारांची चर्चा अपरिचित नाही. तथापि, इम्युनोथेरपी म्हणजे 'प्रतिकारशक्ती वाढविणारा उपचार' हे प्रचलित वर्णन दिशाभूल करणारे आहे. टी-पेशींवरील पीडी-१ हा ग्राही त्यांना लगाम घालतो व कर्कपेशी त्याचा लाभ घेतात. पेम्ब्रोलिझुमॅब, निव्होलुमॅब ही औषधे तो लगाम सैल करतात. त्यामुळेच थायरॉइड, यकृत, फुफ्फुसे यांवर स्वतःच्याच पेशींचा हल्ला होण्याचा धोकाही संभवतो.

उपलब्ध पुरावा

स्तनकर्करोगात या औषधांचा लाभ आजवर मुख्यतः 'ट्रिपल निगेटिव्ह' प्रकारात सिद्ध झाला आहे. भारतात या प्रकाराचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा अधिक आढळते. 'कीनोट-५२२' या १,१७४ रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत शस्त्रक्रियेपूर्वी केमोथेरपीसोबत आणि शस्त्रक्रियेनंतरही पेम्ब्रोलिझुमॅब देण्यात आले. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पाच वर्षांनंतर या गटातील ८६.६ टक्के, तर पेम्ब्रोलिझुमॅब न मिळालेल्या गटातील ८१.७ टक्के रुग्ण हयात होते. शंभरात सुमारे पाच जीव वाचणे ही सामान्य बाब नव्हे. परंतु शस्त्रक्रियेनंतरच्या मात्रा कितपत आवश्यक आहेत, हे या चाचणीने स्वतंत्रपणे तपासलेले नाही.

मात्रेचा प्रश्न

सदर चाचणीतील मात्रा दर तीन आठवड्यांनी २०० मिलिग्रॅम होती. तिचा खर्च आपल्याकडील बहुसंख्य कुटुंबांना न पेलणारा आहे. टाटा स्मारक रुग्णालयात डोके व मानेच्या कर्करोगावर झालेली चाचणी या संदर्भात महत्त्वाची ठरते. डॉ. विजय पाटील, डॉ. कुमार प्रभाश व सहकाऱ्यांनी अल्पमात्रेच्या केमोथेरपीला केवळ २० मिलिग्रॅम निव्होलुमॅबची जोड दिली. नेहमीच्या मात्रेच्या हे दशांशाहूनही कमी आहे. तरीही एक वर्षानंतर हयात रुग्णांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले.

तथापि, या चाचणीत अल्प मात्रेची तुलना पूर्ण मात्रेशी केलेली नव्हती. शिवाय तो कर्करोग वेगळा होता आणि रुग्णही बरे होण्याच्या अपेक्षेने उपचार घेणारे नव्हते. बरी होऊ शकणाऱ्या स्तनकर्करोगाच्या रुग्ण स्त्रीला अपुरी मात्रा दिली गेल्यास होणारी हानी भरून न येणारी असेल. लहान चाचण्यांत शस्त्रक्रियेवेळी गाठ नाहीशी झालेली दिसणे उत्साहवर्धक असले, तरी ते दीर्घकालीन जीवनमानाचे माप नव्हे.

निष्कर्ष

'स्वस्त म्हणून अल्प मात्रा' आणि 'परदेशी प्रमाण म्हणून पूर्ण मात्रा' या दोन्ही भूमिका अपुऱ्या आहेत. पूर्ण मात्रा विकणाऱ्या कंपनीला कमी मात्रेच्या चाचणीत आर्थिक स्वारस्य असणार नाही. म्हणून स्तनकर्करोगासाठी पुरेशा मोठ्या व दीर्घ पाठपुरावा असलेल्या चाचण्या सार्वजनिक निधीतूनच व्हावयास हव्यात. औषध उपलब्ध असूनही ते न परवडणे हेही उपचाराचे अपयशच होय.