सही करायची की नाही? मोर, क्रॉमवेल आणि मधला रिच

एरवी इथे मी शोधनिबंध सोपे करून सांगते. आज एक सिनेमा घेतलाय, पण विषय आपल्या धंद्यातलाच आहे. एखाद्या कागदाखाली आपलं नाव घालतो तेव्हा आपण नेमकं काय करतो?

सिनेमा म्हणजे 'अ मॅन फॉर ऑल सीझन्स'. १९६६ सालचा, दिग्दर्शक फ्रेड झिनेमान. रॉबर्ट बोल्टच्या १९६० सालच्या नाटकावर बेतलेला, आणि पटकथाही बोल्टचीच. सहा ऑस्कर मिळाली, त्यात सर्वोत्कृष्ट चित्रपटाचंही. नाटकात आणि सिनेमात थॉमस मोरची भूमिका पॉल स्कोफील्डनेच केली. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी जरूर पाहा. शेवट इतिहासाने आधीच फोडलेला आहे, त्यामुळे मी इथे मोकळेपणाने बोलणार आहे.

गोष्ट थोडक्यात अशी. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री. त्याला कॅथरिनशी झालेलं लग्न रद्द करून ॲन बोलिनशी लग्न करायचंय. पोप परवानगी देत नाही, म्हणून राजा स्वतःच इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख होतो. सर थॉमस मोर त्याचा चान्सलर, म्हणजे राज्यातला सगळ्यात मोठा न्यायाधिकारी. त्याला हे पटत नाही. तो भांडत नाही, बंड करत नाही. १६ मे १५३२ ला राजीनामा देतो आणि घरी बसतो. १५३४ मध्ये वारसाहक्काचा कायदा येतो आणि त्याच्यासोबत शपथ. राजा म्हणेल ती मुलं वारस, हे मोरला मान्य आहे. पण शपथेत पोपचा अधिकार नाकारणारा मजकूरही आहे. तिथे तो थांबतो. मी शपथ घेणार नाही आणि का घेणार नाही तेही सांगणार नाही, एवढंच म्हणतो. रवानगी टॉवरमध्ये.

हा माणूस हुतात्मा व्हायला निघालेला नाही, आणि बोल्टचं नाटक इतर चरित्रनाटकांपेक्षा वेगळं होतं ते इथेच. तो वकील आहे आणि वकिलासारखाच लपायला जागा शोधतोय. नवा राजद्रोहाचा कायदा म्हणतो, राजाची पदवी दुष्ट हेतूने शब्दांनी नाकारली तर मृत्यूदंड. मोर म्हणतो, मी शब्दच उच्चारला नाही. आपल्याकडे म्हणतात ना, मौनं संमतिलक्षणम्. नेमकं हेच तत्त्व तिकडच्या कायद्यातही होतं आणि मोर त्याचाच आधार घेतो. माझ्या गप्प बसण्याचा अर्थ लावायचाच असेल तर कायद्याने तो होकार असा लावा!

क्रॉमवेलची यावरची अडचण समजून घ्या. मोरच्या गप्प बसण्याचा खरा अर्थ काय, हे लंडनमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. युरोपभर ठाऊक आहे. पण आमच्या भाषेत सांगायचं तर 'नोंद नाही' आणि 'नोंद नकारार्थी आहे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वहीचं पान कोरं आहे. कोऱ्या पानावर शिक्षा देता येत नाही.

मग रिचर्ड रिच येतो. तो सॉलिसिटर जनरल. जून १५३५ मध्ये मोरची पुस्तकं जप्त करायला टॉवरमध्ये जातो. सोबत साउथवेल आणि पामर. खटल्यात रिच शपथेवर सांगतो की गप्पांच्या ओघात मोरने पार्लमेंटला राजाला चर्चप्रमुख करण्याचा अधिकार नाही असं म्हटलं. बाकीच्या दोघांचं म्हणणं, आम्ही पुस्तकं बांधण्यात गुंतलो होतो, काही ऐकलं नाही. १ जुलै १५३५ ला वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये खटला चालला, ज्युरीने दोषी ठरवायला फारसा वेळ घेतला नाही, आणि ६ जुलैला शिरच्छेद.

सिनेमा हा प्रसंग सत्य विरुद्ध असत्य असा रंगवतो. जॉन हर्टचा रिच खाली मान घालून खोटं बोलतो, स्कोफील्ड त्याच्याकडे कीव येऊन पाहतो. प्रसंग जबरदस्त आहे. पण जरा थांबा. मोरचं मत तेच होतं की! निकाल लागल्यावर, आता लपण्यात अर्थ नाही म्हटल्यावर, तो स्वतःच भर न्यायालयात ते सांगतो. म्हणजे क्रॉमवेलचा निष्कर्ष बरोबर होता. बनावट होता तो फक्त पुरावा.

प्रयोगशाळेत काम करणाऱ्या कुणालाही ही जागा ओळखीची वाटेल. उघड खोटा निष्कर्ष छापायचा मोह फार कमी जणांना होतो. मोह होतो तो वेगळा. निष्कर्ष बरोबर आहे याची मनोमन खात्री असते, गाइडचीही असते, क्षेत्रातल्या सगळ्यांची असते. आलेखात फक्त एक बिंदू कमी पडतोय. तो बिंदू टाकला तर सत्याचं नुकसान काय होणार? रिचचं पाप एवढंसंच आहे, आणि त्याने एक माणूस मेला. खरं काय हे कळणं आणि ते सिद्ध करणं यांतलं अंतर ज्याला क्षुल्लक वाटतं, त्याच्या हाती न्यायालय देऊ नये. माझ्या मते प्रयोगशाळाही देऊ नये.

एक नियम मात्र दोन्ही बाजूंना लावायला हवा. रिच खोटं बोलला हे आपल्याला मुख्यतः विल्यम रोपरमुळे कळतं. रोपर मोरचा जावई. खटल्याला तो स्वतः हजर नव्हता आणि त्याने चरित्र लिहिलं ते वीसेक वर्षांनी. एकच साक्षीदार, तोही घरचा. रिचच्या साक्षीवर आपण जी शंका घेतो, तीच इथेही घ्यायला हवी. तरी आरोप करणाऱ्याच्या बाजूने एकाच माणसाची साक्ष होती आणि खोलीतल्या दोघांनी तिला दुजोरा दिला नाही. एवढ्यावर फाशी देता येऊ नये, मग रिच खरं बोललेला असो वा खोटं.

रिच हा बोल्टचा सगळ्यात चांगला लिहिलेला माणूस आहे. सुरुवातीला तो खलनायक नाही. हुशार, गरीब, नोकरी शोधणारा तरुण. मोर त्याला म्हणतो, शिक्षक हो. राहायला घर आहे, पगार बरा आहे, आणि चांगला शिक्षक होशील. रिचचा चेहरा पडतो. शिक्षक झालो तर कुणाला कळणार मी किती हुशार आहे ते? मोर त्याला दरबारात जागा देत नाही, कारण हा मोहाला टिकणार नाही हे त्याने ओळखलंय. मग रिच क्रॉमवेलकडे जातो. पहिल्या भेटीत छोटी माहिती, मग जरा मोठी, मग शपथेवर साक्ष. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा थोडीशीच उंच. महत्त्वाकांक्षा माणसाला एका रात्रीत बदलत नाही, ती हप्त्याने वसुली करते. पोस्टडॉक शोधणाऱ्या माझ्या वयाच्या वाचकांनी मोरपेक्षा रिचकडे जास्त लक्ष द्यावं, असं मी मुद्दाम म्हणते. आपण मोर होण्याची शक्यता कमीच आहे.

आता सिनेमाची तक्रार. नाटकात 'कॉमन मॅन' नावाचं एक पात्र आहे. तोच मोरचा नोकर, तोच नावाडी, तोच तुरुंगाचा पहारेकरी, तोच ज्युरीचा प्रमुख आणि शेवटी तोच जल्लाद. दर वेळी नवी टोपी घालतो आणि प्रेक्षकांशी गप्पा मारतो. वाईट माणूस नाही. त्याला फक्त जिवंत राहायचंय आणि भानगडीत पडायचं नाही. सिनेमाने हे पात्र काढून टाकलं. पडद्यावर ते विचित्र दिसलं असतं हे मान्य. पण त्यासोबत नाटकाचा कणाही गेला. नाटकात प्रेक्षक विचारतो, मी यातला कोण? सिनेमात तो मोरच्या शेजारी उभा राहतो आणि स्वतःवर खूश होऊन घरी जातो. इतक्या स्वस्तात कुणाला विवेक मिळू नये.

बोल्टला हे स्वतःच्या अनुभवातून माहीत होतं. १९६१ मध्ये अण्वस्त्रविरोधी निदर्शनांत भाग घेतल्याबद्दल त्याला तुरुंगवास झाला. पुन्हा असं करणार नाही अशा हमीपत्रावर सही केली की सुटका. त्याने नकार दिला. पण तेव्हा तो 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'ची पटकथा लिहीत होता, आणि एवढा मोठा सिनेमा अडकून पडला होता. निर्माता सॅम स्पीगल तुरुंगात त्याला भेटायला गेला, त्याचं मन वळवलं आणि बोल्टने सही केली. पुढे त्याला याचा पश्चात्ताप झाला. सही न करणाऱ्या माणसावर नाटक लिहिलं, आणि वर्षभरातच त्याच प्रश्नापुढे स्वतः उभा राहिला. यात कुणी बोल्टला हसू नये. शंभरजणांची रोजीरोटी तुमच्या एका सहीवर अवलंबून आहे, हा युक्तिवाद खोटा नसतो. म्हणूनच तो इतका प्रभावी ठरतो.

हिलरी मँटेलने २००९ मध्ये 'वुल्फ हॉल' लिहून पाट उलटा केला. लोहाराचा मुलगा क्रॉमवेल नायक झाला आणि मोर एक कोरडा, अहंमन्य, क्रूर माणूस. पुस्तकाला बुकर मिळालं, पुढच्या भागालाही मिळालं. मँटेलचा मुख्य आक्षेप खरा आहे. मोर चान्सलर असताना सहा जणांना पाखंडी ठरवून जिवंत जाळण्यात आलं आणि मोरला त्यात काही वावगं वाटलं नाही. सिनेमात याचा उल्लेखही नाही. उलट तिथे मोरचं एक प्रसिद्ध भाषण आहे, ज्यात तो सैतानालाही कायद्याचं संरक्षण द्यायला तयार होतो. ऐकायला सुंदर आहे. पण माणसं जाळणं तेव्हाच्या कायद्यात बसत होतं! मोरने कायदा मोडला नाही, पाळला. कायद्याच्या आड लपता येतं हे सांगणारा सिनेमा, कायदाच जाळणारा असेल तर कुठे लपायचं, हे विचारत नाही.

मग मोरच्या विवेकाची किंमत शून्य? मला तसं वाटत नाही, आणि इथे माझं मँटेलशी जमत नाही. तिचा क्रॉमवेल इतका समंजस, इतका कामसू, घरात इतका प्रेमळ आहे की त्याची प्रत्येक तडजोड व्यवहारी वाटू लागते. पण त्याने उभं केलेलं यंत्र पाहा. माणसाने काय केलं यावरून नाही, मनात काय आहे यावरून शिक्षा देणारं यंत्र. १५४० मध्ये तेच त्याच्यावर उलटलं. खटला न चालवताच, पार्लमेंटच्या ठरावाने, २८ जुलैला त्याचाही शिरच्छेद झाला. हेन्रीने त्याच दिवशी पुढचं लग्न केलं.

आणि रिच? तो पुढे चान्सलर झाला, बॅरन झाला आणि १५६७ मध्ये अंथरुणात मेला. सिनेमा हे शेवटच्या वाक्यात कोरडेपणाने सांगतो आणि संपतो. जैसी करनी वैसी भरनी, असला दिलासा नाही. मला सिनेमातलं सगळ्यात प्रामाणिक वाक्य हेच वाटतं.

मोरने 'युटोपिया'च्या पहिल्या भागात हाच वाद स्वतःशी घातला होता, १५१६ मध्ये, दरबारात शिरण्याच्या थोडं आधी. शहाण्याने राजाच्या नोकरीत जावं का? एक पात्र म्हणतं, जाऊ नये, तिथे शहाणपण कुणी ऐकत नाही. दुसरं, ज्याचं नाव चक्क मोर आहे, म्हणतं, जावं. चांगलं करता आलं नाही तरी वाईट कमी वाईट करता येतं. पुस्तकात उत्तर नाही. मोर गेला, आणि 'कमी वाईट' कुठे संपतं ते त्याला एका शपथपत्रापाशी कळलं.

म्हणून सिनेमा पाहाच, पण मोरची आरती म्हणून नको. शक्य असेल तर नाटक वाचा, कॉमन मॅनसकट. आणि पुढच्या वेळी समोर एखादा कागद सरकवला गेला, 'सगळ्यांनी केलीय, तू पण कर' म्हणून, तर मोरच्या धैर्याची आठवण नंतर काढा. आधी ते पान पूर्ण वाचा. मोरनेही शपथेचा मजकूर आणि कायद्याचा मसुदा मागून घेतला होता, शेजारी शेजारी ठेवून वाचला होता, आणि मगच नाही म्हटलं होतं.