आखूड आणि तोडलेलं

रंगवत असताना माझा फोन माझं ऐकत नाही. बोटांना जवसाचं तेल आणि रंग लागलेला असला की काचेवर कितीही घासा, तो ढिम्म. त्यामुळे एकदा राग लावला की तो संपेपर्यंत ऐकावाच लागतो. माझ्या श्रवणभक्तीचं गुपित एवढंच.

१३ जानेवारी २०२४ला प्रभा अत्रे गेल्याची बातमी आली तेव्हा हात कोरडे होते. चारच दिवस आधी राशिद खान गेले होते, ऐन ५५व्या वर्षी. त्या आठवड्यात फोनवर तुकड्यांचा पाऊस पडला. प्रभाताईंची सरगम, खाँसाहेबांची एखादी तान, ‘जब वी मेट’मधलं गाणं, आणि प्रत्येकाखाली हात जोडलेले. विलंबित मला कुणीच पाठवलं नाही. ज्या संथ, भरदार बढतीसाठी राशिद खानांना ऐकायचं, तीच नेमकी श्रद्धांजलीतून गळाली होती.

यावर ‘गाणं आखूड झालं’ अशी कुरकूर ऐकू येते. ती मला पटत नाही. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी जुन्या ७८च्या तबकडीची, म्हणजे जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची. पण त्यात स्वर लागतो, आर्जव वाढत जातं, आणि शेवटी सगळं जिथल्या तिथे येऊन टेकतं. तबकडी किती वेळ फिरणार हे ठाऊक ठेवून गायलेलं ते गाणं आहे. पहाडी लघुचित्र वीतभर असतं, म्हणून त्याला कुणी भित्तिचित्राचा टवका म्हणत नाही. आपल्या फोनवर येतो तो मात्र टवकाच. कुमार गंधर्वांनीही लांबीचा सोस कधी केला नाही. क्षयानं एक फुप्फुस निकामी केल्यावर त्यांनी दमाला पेलेल अशी छोट्या, धारदार स्वरवाक्यांची गायकी घडवली. तिच्यात अपुरं काही वाटत नाही.

कुमारांचा जन्म १९२४चा, आणि आमच्या वासुदेव गायतोंड्यांचाही. शताब्दीच्या निमित्तानं त्यांची चित्रंही फोनवर फिरली. रोलरनं रंग पसरायचा, सुरीनं खरवडायचा, पुन्हा थर द्यायचा; वर्षाकाठी पाच-सहा कॅनव्हास पुरे व्हायचे. त्यातला हातभर भाग कापून पडद्यावर लावला की उरतो भिंतीला शोभणारा छान रंग. त्या थरांमधून नजरेला आत उतरायला जी वाट लागते, ती कापणाऱ्याच्या कात्रीत गेलेली असते.

कात्री मैफलीतही आहेच. १९५३पासून चालत आलेला पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव एकेकाळी पहाटेपर्यंत रंगायचा. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी उघड्यावरचे ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद केले. वर्षातल्या मोजक्या दिवशी बारापर्यंत सूट. नियमाला माझा विरोध नाही, आमच्या गल्लीत डीजे येतो. पण मध्यरात्रीनंतरचा दरबारी मांडवातून उठला तो उठलाच. बंद सभागृहाला ती अडचण नाही, तरी साडेनऊला माणसं चपला शोधू लागतात.

तरुण गायकांची तयारी विलक्षण आहे. गळे असे फिरतात की आपण बघत राहावं. माझी तक्रार बड्या ख्यालाची आहे. पुष्कळदा तो सत्यनारायणाच्या पूजेतल्या संकल्पासारखा उरकला जातो: दोन-चार आवर्तनं, सम दाखवली, चला द्रुताकडे. वेळ कमी असेल तर सरळ मध्यलयीत बंदिश गा ना! वेळ आहे तेवढ्यात मावेल असं गाणं बांधणं हीसुद्धा कलाच. नाहीतर गाणारा स्वतःच आपल्या मैफलीतून तुकडे काढून ठेवतोय असं वाटत राहतं, उद्या फोनवर चढवायला सोयीचे.

परवा कॅनव्हासवरचा फसलेला निळा खरवडत होतो. मालिनी राजूरकरांचा टप्पा लागला होता. २०२३च्या सप्टेंबरात त्या गेल्या. तेव्हापासून मी त्या जास्त ऐकतो, म्हणजे बातमी आल्यावर जागा होणाऱ्यांत मीही आलो. टप्पा मुळातच चिमुकला. त्यांचा आवाज कुठेही जोर न दाखवता वळत, गुंतत, सुटत गेला आणि समेवर असा आला की माझी सुरी हातातच राहिली. काही क्षण खोली नुसती गप्प होती. मग फोनवर एक बाई पंख्याच्या सवलतीबद्दल उत्साहानं बोलू लागली. दोन्ही हात निळे. ती जाहिरातही मी पूर्ण ऐकली.