दोन भाऊ, दोन भाषा

उज्जैनच्या राम घाटावर शिप्रेकडे पाहत उभे राहिले की मला मुक्तिबोध बंधू आठवतात. १८१० पर्यंत हे नगर शिंद्यांची राजधानी. माळव्यात मराठी घराणी रुजली ती तेव्हापासून. अशाच एका मराठी घरातले हे दोघे. थोरले गजानन माधव (१९१७-१९६४) काही काळ उज्जैनलाच शिकले, हिंदीत लिहिते झाले आणि 'तारसप्तक'मध्ये (१९४३) अग्रभागी आले. धाकटे शरच्चंद्र मराठीचेच राहिले. 'सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य' या ग्रंथाला १९७९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

थोरल्याविषयी बोलताना 'मराठीने कवी गमावला' असा सूर आपल्याकडे लागतो. तो मला पटत नाही. एकाच घरात दोन भाषांना अवकाश मिळाला, हे त्या घराचे वैभवच होय.

मात्र निवड खरी ठरण्यासाठी दोन्ही वाटा खुल्या हव्यात. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेले ३५०-अ कलम भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून प्राथमिक शिक्षण मिळावे, यासाठी राज्यांनी 'प्रयत्न करावा' एवढेच म्हणते. बेळगावच्या मराठी मुलासाठी आपण ते पुढे करतो, आणि करायलाच हवे. पण आपल्याच जत-अक्कलकोटच्या कन्नड शाळांविषयी आपण तितक्याच पोटतिडकीने बोलतो काय?

त्या शाळेतले एखादे पोर उद्या कन्नडमध्ये लिहील, एखादे मराठीत. दोघांपैकी कुणालाही 'गमावला' म्हणू नये, एवढी उदारता आपल्या समीक्षेने राम घाटावरून घेऊन यावी.