सहावे कलम आणि संशोधनाचा कर्ता

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा अधिनियम १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. आरोग्यविषयक संशोधनाला लागू पडणारे त्याचे सहावे कलम भाषेच्या अभ्यासकाने लक्षपूर्वक वाचावे असे आहे. कलमाचा मथळा क्रौर्य व अमानुष वागणूक यांपासून संरक्षणाचा. पहिल्या पोटकलमात छळाची बंदी, आणि त्याच्याच खाली दुसऱ्यात संशोधन! दिव्यांग व्यक्तीची मुक्त व ज्ञानपूर्वक संमती तिला सुगम अशा मार्गाने घ्यावी आणि एका समितीची पूर्वपरवानगी मिळवावी, असे ते सांगते. समितीचे निदान अर्धे सभासद स्वतः दिव्यांग किंवा नोंदणीकृत संघटनांचे असले पाहिजेत.

तरतूद स्तुत्य आहे, यात शंका नाही. परंतु तिच्या वाक्यरचनेत दिव्यांग व्यक्ती ‘विषय’ म्हणूनच येते; संशोधन करणारी म्हणून नव्हे. अठ्ठाविसाव्या कलमात शासनाने व्यक्ती व संस्था यांच्याद्वारे संशोधन करवावे असे म्हटले आहे. त्या ‘व्यक्तीं’मध्ये दिव्यांग संशोधक मोडतो काय, याविषयी कलम मौन पाळते. मौन म्हणजे निषेध नव्हे, हे खरे; तथापि अनुदान देणारा या मौनाचा अर्थ आपल्या सोयीने लावू शकतो.

सुगमतेची गोष्ट पाहा. २०१६ साली दोडामार्ग तालुक्यात माकडतापाची साथ आली. अशा रोगाच्या अभ्यासकाला सिंधुदुर्गात गावोगाव फिरून संमती घ्यावी लागते. ‘मला समजावून देण्यात आले आहे’ हे कर्मणी वाक्य प्रमाण मराठीत बिनचूक आहे. परंतु ‘माका कळला’ म्हणणाऱ्या मालवणी माणसाला ते परके वाटते. त्या वाक्यात समजावणाराही लुप्त, आणि समजणाऱ्याची जबाबदारीही संदिग्ध! मालवणच्या बंदरावरील एखाद्या कर्णबधिर मच्छीमारास तर ‘माका कळला’ हे ऐकवूनही भागणार नाही. तेथे सांकेतिक भाषेचा दुभाषी हवा. त्याचे मानधन कोठे दाखवावयाचे? अनुदानाच्या अंदाजपत्रकात कर्मचारी, उपकरणे, प्रवास व संकीर्ण खर्च अशी रूढ शीर्षे असतात. दुभाष्याला बहुधा संकीर्णात, म्हणजे कागद-शाईच्या पंक्तीला, बसावे लागते. अंध संशोधकाच्या वाचकसाहाय्यकाचीही तीच गत. अधिनियमाने ‘वाजवी सोयी’ची व्याख्या केली, पण ती अवाजवी भार न पडेल इतपतच; आणि शीर्षच नसेल तर कोणताही खर्च भारच ठरतो.

हा दोष केवळ आपल्याकडचा नव्हे. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या ध्येयवाक्यात रोगाबरोबर ‘अपंगत्व कमी करणे’ हेही उद्दिष्ट होते. तेथील सल्लागार समितीने डिसेंबर २०२२ मध्ये ते शब्द वगळण्याची शिफारस केली. सप्टेंबर २०२३ मध्ये दिव्यांगांना आरोग्यविषमता सोसणारा समाजगट म्हणून मान्यता मिळाली. ज्या वाक्यात माणसाची अवस्था रोगाच्या जोडीला बसविली जाते, त्या वाक्याखाली दिव्यांग अर्जदाराने कोणत्या मनाने सही करावी?

आपल्याकडे अर्ध्या सभासदत्वाची अट आहे, ही जमेची बाजू. परंतु त्या समितीपुढे प्रकल्प येतो तो परवानगीसाठी. प्रश्न कोणता विचारावा, हे तोवर अन्यत्र ठरून गेलेले असते.