‘ताण’ या पारिभाषिक शब्दाविषयी

हेल्मुट झीस यांनी १९८५ मध्ये रूढ केलेल्या संज्ञेचे ‘ऑक्सिडीकारक ताण’ हे मराठी रूप आम्हांस सदोष वाटते. नांदेड-लातूरकडील सोरायसिसचा रुग्ण ‘ताण’ म्हणजे मनाची विवंचना असेच समजणार. मूळ अर्थ निराळा आहे. दाहाच्या वेळी श्वेतपेशी ऑक्सिजनची अतिक्रियाशील रूपे सोडतात. ती निवारण्यास त्वचेची शक्ती अपुरी पडली म्हणजे पेशींतील स्निग्ध द्रव्ये व प्रथिने बिघडतात आणि दाह पुन्हा चेततो. (अशा चक्रात एकाच दुव्याला ‘कारण’ म्हणणे धाडसाचेच.) त्यातच विवंचनेनेही सोरायसिस बळावतो, म्हणून घोटाळा अधिक! झीस यांची व्याख्या मुळात असमतोलाची आहे. तेव्हा ‘ऑक्सिडीभवनाचा असमतोल’ म्हणावे. शब्द जड आहे खरा. परंतु ‘ताण’ ऐकून रुग्ण औषध सोडील आणि केवळ मनःशांतीच्या मागे लागेल, ही भीती त्यात नाही.