डिकन्सचा नाताळ : परंपरा आणि वाङ्मय

चार्ल्स डिकन्सने नाताळ निर्माण केला, असे एक चमकदार विधान इंग्रजी वाङ्मयाच्या चर्चेत वारंवार ऐकू येते. त्याच आशयाचे शीर्षक असलेला एक ग्रंथ २००८ मध्ये निघाला व २०१७ मध्ये त्यावरून चित्रपटही झाला. हे विधान कितपत खरे आहे, आणि ते मान्य केल्याने डिकन्सचा गौरव होतो की त्याच्या कृतीचे मर्मच हातून निसटते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

इतिहासाच्या कसोटीस हे विधान उतरत नाही. शुभवर्तमानांत ख्रिस्तजन्माची तिथी दिलेली नाही; २५ डिसेंबर हा दिवस रोममध्ये चौथ्या शतकात मानला जात होता, याचा पुरावा इ. स. ३५४ च्या एका पंचांगवजा संग्रहात मिळतो. मध्ययुगीन इंग्लंडात हा सण मेजवान्या, गाणी व सोंगे यांनी बारा दिवस गाजत असे. प्युरिटनांना त्यास बायबलात आधार दिसेना. १६४७ मध्ये पार्लमेंटने तो रद्द केला, तेव्हा कँटरबरीस दंगे उसळले. अटलांटिकपलीकडे मॅसॅच्युसेट्स वसाहतीत १६५९ पासून १६८१ पर्यंत नाताळ पाळणाऱ्यास पाच शिलिंग दंड होता. १६६० मध्ये राजसत्ता परतली व तिच्याबरोबर इंग्लंडात सणही परतला; स्कॉटलंडात मात्र त्या दिवसाची सार्वजनिक सुटी १९५८ मध्ये मिळाली. ज्या सणासाठी लोक दोन शतके आधी रस्त्यावर उतरले होते, त्याचे जनकत्व एका कादंबरीकारास देणे हे धाडसच होय.

तथापि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जुना नाताळ लोपत चालल्याची हुरहूर सुशिक्षितांस लागली होती, हे खरे. डेव्हिस गिल्बर्टने १८२२ मध्ये व विल्यम सँडिसने १८३३ मध्ये नाताळगीतांचे संग्रह प्रसिद्ध केले, ते याच भावनेने. परंतु त्या हुरहुरीस ललित रूप दिले ते वॉशिंग्टन अर्व्हिंग या अमेरिकन लेखकाने. त्याच्या १८१९-२० च्या 'स्केच बुक'मध्ये ब्रेसब्रिज हॉल या खेड्यातील वाड्यावरचा नाताळ रंगविलेला आहे. तेथील वृद्ध जमीनदार जुन्या चालीरीती हौसेने पुनरुज्जीवित करतो. पण अर्व्हिंगची सौम्य थट्टा येथे लक्षात घेतली पाहिजे. या जमीनदाराने एकदा सर्वांना वाड्याचे दार खुले केले, तेव्हा मुलखातले भटके येऊन गर्दी करू लागले. पुढे तो आसपासच्या सभ्य शेतकऱ्यांनाच बोलावू लागला आणि गरिबांना मांस, पाव व बियर वाटून समाधान मानू लागला. औदार्याचा हा नाताळ दाराच्या आतला आहे.

डिकन्सने हे दारच बदलले. १८४३ मध्ये बालमजुरीविषयीचा पार्लमेंटरी अहवाल वाचून तो अस्वस्थ झाला होता. गरिबांच्या मुलांसाठी एक पत्रक लिहिण्याचा बेत त्याने केला होता; तो सोडून त्याच वर्षी १९ डिसेंबरला त्याने 'अ ख्रिसमस कॅरल' प्रसिद्ध केले. सणाच्या आदल्या दिवसापर्यंत त्याच्या सहा हजार प्रती खपल्या. वर्गणी मागण्यास आलेल्या गृहस्थांना स्क्रूज तुरुंग व वर्कहाउसे चालू आहेत ना, असे विचारतो; हा प्रश्न १८३४ च्या गरीबविषयक कायद्याने रूढ केलेल्या वृत्तीचाच उच्चार होय. खेड्यातील वाड्याच्या जागी येथे शहरातील पेढी आली आहे, आणि जमीनदार व कूळ यांच्या जागी मालक व कारकून. फेझिविगचा नृत्यसमारंभ हा ब्रेसब्रिज हॉलचाच पेढीतील अवतार आहे. पण डिकन्स तो स्क्रूजच्या भूतकाळात ठेवतो, हे अर्थपूर्ण आहे. गेलेल्या सुखाची आठवण त्याला पुरेशी वाटत नाही. म्हणून कथेचा खरा शेवट सणाच्या दिवशी होत नाही. स्क्रूज क्रॅचिटच्या घरी टर्की पाठवितो ते २५ तारखेस, परंतु त्याचा पगार वाढवितो तो दुसऱ्या दिवशी, कचेरीत. टर्की हे दान होय, पगार हा हक्क होय; कृतीचे सारे नैतिक वजन या एका दिवसाच्या अंतरात आहे.

आज नाताळ म्हणताच डोळ्यांपुढे जे येते, त्यातील बरेचसे या पुस्तकात नाही. त्यात सजविलेले झाड नाही. ते जर्मन चालीचे झाड राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाचे १८४८ चे चित्र प्रसिद्ध झाल्यावर घरोघर पोहोचले. सांता क्लॉजही नाही. त्याला १८२३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील एका वृत्तपत्रात आलेल्या कवितेने व १८६३ पासून टॉमस नॅस्टच्या चित्रांनी रूप दिले. पहिले छापील शुभेच्छापत्र हेन्री कोलने १८४३ मध्येच काढविले, पण त्याचा या कथेशी संबंध नाही. अशी ही अनेक हातांची घडण आहे. शिवाय ती सर्वत्र एकच नाही : आपला 'नाताळ' हा शब्द पोर्तुगीजमधून आलेला आहे, आणि गोव्याच्या नाताळास लंडनच्या हिमाचे माप लावणे व्यर्थ होय.

हॉब्सबॉम व रेंजर यांनी १९८३ मध्ये संपादिलेल्या ग्रंथाने 'रचलेल्या परंपरे'ची कल्पना रूढ केली. तेव्हापासून एखादी चाल अर्वाचीन ठरली की ती खोटी ठरली, असे मानण्याकडे अनेकांचा कल होतो. हा तर्क सदोष आहे. परंपरेचे वय हे तिचे मूल्य नव्हे. तिने मनुष्याकडून काय मागितले, हे तिचे मूल्य. डिकन्सच्या तिसऱ्या प्रकरणात वर्तमान नाताळाच्या झग्याखालून अज्ञान व दारिद्र्य ही दोन हाडकुळी मुले बाहेर येतात. उत्तरकाळाने क्रॅचिटांचे जेवण उचलले आणि ती मुले झग्याखालीच ठेवली. डिकन्सला जनक म्हणून गौरविणारेही बहुधा त्या जेवणाचाच गौरव करीत असतात. अध्यापकांनी हे पुस्तक शिकविताना त्या दोन मुलांपाशी थोडे अधिक थांबावे. कारण सण डिकन्सच्या आधीही होता, त्याने सणापुढे ठेवलेला प्रश्न मात्र त्याचा स्वतःचा आहे.